पाच डझनांची पेटी आणि बारा दिवसांचा हिशोब

गेल्या वर्षीच्या ‘देवगड’ हापूसच्या पेटीच्या तळाला कानडी वर्तमानपत्र निघालं, म्हणजे आंबा कर्नाटकातला. मी ते घडी घालून रद्दीत सारणार, तेवढ्यात सासूबाईंनी पाहिलंच. त्या मिठबावच्या, म्हणजे देवगड तालुक्यातल्याच. लग्न होऊन छत्रपती संभाजीनगरला (त्यांच्या लेखी अजून औरंगाबादलाच) आल्या त्याला ४३ वर्षं झाली, पण आंब्याच्या बाबतीत त्या अजून मिठबावातच राहतात. “आंबो खयचो?” एवढंच विचारलं. आंबा वाईट नव्हता हो, गोड होता. पण त्यांनी एक फोड खाऊन बशी पुढे सरकवली आणि त्या सीझनला पुन्हा हापूसला हात लावला नाही.

म्हणून यंदा, २०२५ला, थेट बागेतून पेटी मागवली. मधला व्यापारी नाही, मंडई नाही. शाळेतल्या एका बाईंनी नंबर दिला, मी फोन केला. बागायतदाराचं नाव इथे लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि माणूस एकट्याने बाग सांभाळणारा आहे. पण अशी थेट पेटी मागवावी का, किती मागवावी आणि आल्यावर तिचं काय करावं, हे मी बारा दिवस रोज दोन वेळ स्वयंपाक करून शिकले आहे. तेवढं लिहिते.

फोनवर त्यांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, “घरात माणसं किती?” मी म्हटलं पाच. मग त्यांनी समजावलं की लाकडी पेटी तेवढीच असते, डझन बदलतात. चार डझनी म्हणजे मोठं फळ, सात डझनी म्हणजे लहान. पाच डझनी घ्या, पाव किलोच्या जरा आतबाहेर फळ येईल. पेटीचे ४३०० रुपये आणि गाडीभाडं ४००. नंतर त्यांनी तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या: फळ चौदा आण्यांवर उतरवलेलं आहे, कार्बाइड लावलेलं नाही आणि साका, म्हणजे बाठ्याभोवतीचा खराब पांढुरका गर, निघणार नाही. पहिल्या दोन गोष्टी जवळपास खऱ्या निघाल्या. तिसरी त्यांनी बोलायलाच नको होती.

चौदा आणे म्हणजे काय ते मलाही सासूबाईंकडूनच कळलं. सोळा आणे तयार फळ झाडावरच पाडाला लागतं, ते लांब पाठवता येत नाही. बारा आण्यांचं उतरवलं तर पिकत नाही, नुसतं सुरकुततं. चौदा आण्यांचं फळ झेल्याने (लांब काठीला लावलेल्या जाळीने) देठासकट काढायचं, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही आणि भाताच्या पेंढ्यात अढी लावायची, म्हणजे थर लावून पिकायला ठेवायचं. कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, आणि त्याची ओळख सोपी आहे: सगळी फळं एकाच दिवशी एकसारखी पिवळीधमक, दाबावं तर कडक, नाकाशी नेलं तर वास नाही.

पेटी मंगळवारी संध्याकाळी निघाली, गुरुवारी यायची होती. आली शनिवारी सकाळी, २६ एप्रिलला. मधे पुण्यात कुठल्याशा गोदामात पडून होती. बाबा पंपावर नवरा स्कूटर घेऊन गेला तेव्हा ती आडवी ठेवलेली, वर कुणाचे तरी दोन सुटकेसचे खोके. पेटीवर मोठ्या अक्षरांत बाण काढलेला होता, कुठली बाजू वर ते दाखवणारा. बाण भिंतीकडे बघत होता.

घरी आणून ओट्याखाली ठेवली आणि सासूबाईंनी, ज्या एरवी आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत, त्यांनी तिथेच बसकण मारली. पक्कडीने खिळे काढले. पेंढा बाजूला केला आणि एक फळ उचलून देठाशी नाक नेलं. बोलल्या काहीच नाहीत. मग दुसरं उचललं, मग तिसरं. चौथं उचलल्यावर म्हणाल्या, “हो. हा आमचा.” माझे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

मोजली तर साठच्या साठ फळं होती. आडव्या पेटीतल्या खालच्या बाजूची चार चेपलेली. त्यांना पाणी सुटलं होतं पण वास बिघडला नव्हता. चेपलेला भाग कापून टाकून निम्मा गर वाचवला. बागायतदारांना फोटो पाठवले. दहा मिनिटांत फोन आला, “ताई, ही चार माझ्या हिशोबात धरा. आणि राहिलेली आधी पेटीतून काढून पसरा, पेटीत ठेवू नका.”

इथून पुढचं आमच्याकडच्या उन्हाळ्याचं. अढी लावायचं जे शास्त्र देवगडला चालतं ते संभाजीनगरच्या चाळिशीपारच्या पाऱ्यात तसंच्या तसं चालत नाही. सासूबाईंनी पेंढा जाड पसरला होता. मी बोलले की एवढा जाड नको, आतून उकडतील. त्या ऐकेनात. शेवटी दिवाणाखाली, फरशीवर गोणपाट आणि त्यावर पेंढ्याचा एकच पातळ थर, असा तह झाला. दुसरी चूक माझी. त्या खोलीत कूलर होता. दोन रात्री कूलरची दमट हवा थेट फळांवर गेली आणि तीन फळांना देठाकडून काळा डाग धरायला लागला. ती लगेच कापून खाल्ली, पण धडा मिळाला: आंबे कूलरच्या झोतात ठेवू नका. आणि कच्चा आंबा फ्रीजमध्ये तर मुळीच नको, गारठला की तो नीट पिकतच नाही. पिकल्यावर ठेवा खुशाल.

२९ तारखेला आठ फळं तयार. ३० एप्रिलला अक्षय तृतीया, त्या दिवशी चौदा. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांना रस दाखवल्याशिवाय कुणी आंबा खायचा नाही असा नियम आहे, माझ्या माहेरीही आणि सासरीही. त्यामुळे आदल्या दिवशीचे आठ नुसते वास घेत ठेवले होते. (डागाळलेले तीन कसे चालले, असं मुलीने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ते औषध.)

पहिल्या दिवसाच्या रसाला पैकीच्या पैकी गुण. हाताने माचवून, पिळून काढला. मिक्सरला लावला नाही, कारण मिक्सर रसात हवा कोंबतो, फेस येतो, रंग फिका पडतो आणि तासाभरात वर वेगळाच थर दिसायला लागतो. हापूसला रेषा नसल्यामुळे गाळायचीही गरज नाही. रंग गडद केशरी, आणि जाड इतका की पळी उलटी केली तरी निथळायला वेळ घेणारा. माहेरी आम्ही रसात दूध घालतो, वर साजूक तूप आणि चिमूटभर सुंठ. सासूबाईंच्या मते हापूसमध्ये दूध घालणं हा गुन्हा आहे. इतकी वर्षं आमच्याकडे दोन पातेल्यांत रस होतो. यंदा मी त्यांच्या पातेल्यातला घेतला आणि काही बोलले नाही. त्याही काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या वाटीत अजून एक पळी वाढली.

आता साका. १ मेच्या दुपारी कापायला घेतलेलं पहिलंच फळ. बाहेरून देखणं, देठाशी दाबलं तर एकसारखं मऊ, वास भरघोस. सुरी बाठ्याला घासून खाली आली, फोड उघडली, आणि बाठ्याभोवती बोटभर जाडीचा पांढुरका गर, भिजलेल्या थर्माकोलसारखा. चाखला तर आंबट आणि बेचव. कडेचा गर मात्र उत्तम. त्या दिवशी दोन निघाले, पुढे आणखी चार. साठात सहा.

साका बाहेरून ओळखता येत नाही हे मला माहीत आहे. बाठा फळाच्या आतच रुजायच्या तयारीला लागतो, भोवतालच्या गरातलं पाणी ओढतो आणि गराचा स्पंज होतो. काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं की त्यात भर पडते. हापूसला हा शाप जन्मजात आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूसच्या संकरातून ‘सिंधू’ काढला, त्याचा तर बाठाही कागदासारखा पातळ. पण पेटी मागवताना रत्ना हवा असं म्हणालेलं एक माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मीही म्हणाले नव्हते. तेव्हा सहा फळांत साका निघाला याबद्दल माझी तक्रार नाही. “निघणार नाही” म्हणालात, ही आहे. मी कापलेल्या फोडींचे फोटो पाठवले, त्यांनी वाद न घालता ५०० रुपये परत केले आणि लिहिलं, “पुढच्या वेळी असं बोलणार नाही.” थेट मागवण्याचा फायदा म्हणजे हा. मंडईत साका निघालेली फोड घेऊन कुणाच्या दारात जाणार?

खरी पंचाईत साक्याची नव्हती. खरी पंचाईत २ मेच्या सकाळी झाली, जेव्हा दिवाणाखाली वाकून पाहिलं तर एकदम तीस आंबे तयार. घर दरवळत होतं, जिन्यापर्यंत वास. पेटी मागवताना हे कुणी सांगत नाही. आपण साठ आंबे विकत घेतोय असं वाटतं. पण दिवाणाखालच्या आंब्यांना आपल्या जेवणाचं वेळापत्रक ठाऊक नसतं. तीन दिवस फळाकडे बघत बसायचं आणि मग तीन दिवस धावत सुटायचं.

तर त्या तिसांचं काय केलं ते सांगते, कारण पेटीची खरी परीक्षा तिथे होते.

शेजारी पाच दिले. रोजच्या डब्यात कापलेल्या फोडी जाऊ लागल्या. नवरा वाळूजला कंपनीत, त्याच्या डब्यात दहीभात आणि बाजूला हापूसच्या फोडी. हे त्याचं स्वतःचं खूळ आहे, पण एकदा करून बघा. आंबट दही, हिंग-मोहरीची फोडणी आणि त्यात मधेच एक गार गोड फोड. रात्री पुऱ्या तळायला कुणाला वेळ आहे? तांदळाचे घावन आणि रस. घावन पातळ, जाळीदार, तेलाचा थेंब. रसाच्या जाडपणाला तेच झेपतात. पोळीशी हापूसचा रस मला जरा जास्तच जड वाटतो.

शिरा केला आणि पस्तावले. नेहमीच्या पद्धतीने रवा भाजून, दूध-पाणी घालून, दोन हापूसचा गर घालून वाफ आणली. रंग छान आला, चव गोड, पण हापूसचा हापूसपणा वाफेबरोबर खिडकीतून गेला. जो वास जिन्यापर्यंत येत होता तो ताटलीत नव्हता. दुसऱ्या दिवशी गॅस बंद केल्यावर, शिरा जरा निवल्यावर गर कालवला, तेव्हा कुठे बरा लागला. तरीही माझं मत झालं की हापूस शिजवायचा नाहीच. ८०-९० रुपयांचं फळ शिऱ्यात घालायचं आणि केसरने जे काम तीस रुपयांत केलं असतं तेच करून घ्यायचं, याला अर्थ नाही.

केसरबद्दल बोलायलाच हवं, कारण मी पैठणकडची. केसर मूळचा जुनागढचा. तिथल्या नवाबाने १९३४मध्ये त्याच्या गराचा रंग पाहून हे नाव दिलं, अशी कथा आहे. पण मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो असा रुजला की मराठवाडा केसरला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे, जसं २०१८मध्ये हापूसला मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या. आमच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राच्या आसपास वाढलेल्या पिढीला केसरचं कौतुक सांगावं लागत नाही. शिरा, बर्फी, दुधातला रस, कुल्फी, सगळ्याला केसर. गरम केला तरी त्याची चव टिकते, थोडी आंबट बाजू शिल्लक असते. सासूबाई त्याला अजूनही “तो हिरवा आंबा” म्हणतात. पण मे महिन्यात रोज रात्री तोच खातात, हे इथे नोंदवून ठेवते.

त्या तिसांतल्या आठांचं त्यांनी सासव करायचं ठरवलं आणि मी अडवलं नाही, कारण मलाही बघायचं होतं. सासव म्हणजे कोकणातली पिकल्या आंब्यांची आंबट-गोड-तिखट ओली भाजी. आंबे बाठ्यासकट, ओलं खोबरं आणि मोहरीचं वाटण. हापूसचं सासव पार फसलं. आठ आंब्यांचा गर बाठे सोडून रश्शात विरघळून गेला, बाठे उघडेबोडके तरंगायला लागले आणि चव म्हणाल तर रसाला कुणीतरी फोडणी दिल्यासारखी. आंबटपणा नाही, चोखायला रेषा नाहीत. सासूबाईंनी चमचा ठेवला. “माका म्हायत होता,” म्हणाल्या. माहीत होतं तर केलं कशाला, हे मी विचारलं नाही. त्यांच्या माहेरी रायवळ, म्हणजे गावरान, आंबे झाडाखाली वेचायचे असतात, विकत घ्यायचे नसतात. इथे घरात वेचायला हापूसच पडले होते.

बरोबर सासव झालं ते पेटी संपल्यावर, मेच्या शेवटी. पैठण रस्त्याला पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांकडे गावरान आंबे आले होते. मुठीत मावतील एवढे, सालीवर काळे ठिपके, एका किलोत पंधरा-सोळा बसणारे. सासूबाईंनी चार वेगवेगळ्या पाट्यांतले एकेक चोखून बघितले (बाई हसत होती, पण चोखू दिले) आणि जे किंचित आंबट, रेषाळ होते ते घेतले. घरी आणून तासभर पाण्यात ठेवले. साली काढून, सालींना लागलेला गर थोड्या पाण्यात चोळून ते पाणी पातेल्यात. त्यातच दहा आंबे अख्खे, मीठ, आणि सुपारीएवढे गुळाचे दोन खडे. मंद गॅसवर एक उकळी. तोवर वाटण: वाटीभर ओलं खोबरं, चार बेडगी मिरच्या, हळद. पाऊण चमचा मोहरी थेंबभर तेलात तडतडेपर्यंत भाजायची आणि खोबरं बारीक झाल्यावर अगदी शेवटी घालायची, मिक्सरच्या दोनच फिरक्या. जास्त वाटली की सासव कडू होतं, आणि कडू झालेलं सासव गुळाने सुधारत नाही. मी एकदा अर्धी ढेप संपवून पाहिलं आहे. वाटण घातल्यावर फक्त दोन-तीन उकळ्या. वर हिंग, मोहरी, कढीपत्त्याची फोडणी.

गरम भाताबरोबर पानात एक आंबा घ्यायचा आणि हाताने बाठा उचलून चोखायचा. आधी मोहरीचा झटका नाकात जातो, मग खोबरं, मग आंबा. मुलगा, जो भाजी म्हटलं की चेहरा पाडतो, त्याने तीन बाठे चोखले आणि तीनही ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले. आजी त्या ओळीकडे बघत बसली होती. दहा गावरान आंब्यांचे मी ६० रुपये दिले होते.

माहेरची बाजूही राहू नये. रस काढून उरलेल्या बाठ्या आणि सालींचा माझी आई फजिता करायची, मीही करते. बाठ्या-साली दोन भांडी पाण्यात चोळून घ्यायच्या, त्या पाण्यात आंबट ताक आणि दोन चमचे बेसन घुसळायचं, मीठ, गूळ, ठेचलेलं आलं-मिरची. तुपात जिरे, चार मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर फुटतं. हापूसच्या बाठ्यांना गर फार राहत नाही, म्हणून फजिता पातळ झाला. केसरचा जास्त दाट होतो. पण ज्या पेटीला आपण ४७०० रुपये मोजले तिच्या बाठ्याही चोळून घेतल्या याचं समाधान वेगळंच.

शेवटची दोन फळं पिकलीच नाहीत. ७ मेपर्यंत साल सुरकुतली, पण दाबावं तर रबरासारखी. ती बारा आण्यांची असणार, म्हणून वर “जवळपास खऱ्या” म्हटलं. टाकली नाहीत. सोलून, फोडी करून तुरीच्या वरणात चिंचेऐवजी घातली, गुळाचा खडा आणि लसणाची फोडणी. अर्धवट पिकलेल्या आंब्याचं आंबट वरण हा चुकून मिळालेला पदार्थ आहे. पुढच्या वर्षी मी मुद्दाम दोन बारा आण्यांची फळं मागेन.

आणि साठ. म्हणजे आंबापोळी, सासूबाई तिला साठ म्हणतात. तिसांतल्या दहांचा गर चमचाभर साखर घालून, तूप लावलेल्या दोन परातींत पातळ पसरून गच्चीवर ठेवला, वर पातळ मलमल. कोकणात हे काम समुद्राच्या दमट हवेत रेंगाळतं. आमच्या गच्चीवर मेच्या उन्हात पहिला थर संध्याकाळपर्यंत वाळला, दुसऱ्या दिवशी वर दुसरा, तिसऱ्या दिवशी कडेने सुरी फिरवली तर अख्खी पोळी सुटून आली. सासूबाईंनी ती उजेडाकडे धरून पाहिली. चार दशकं ज्या उन्हाला त्या नावं ठेवत आल्या, त्याच उन्हाला पहिल्यांदा म्हणाल्या, “ऊन चांगलं आहे हो तुमच्याकडे.” तुमच्याकडे. अजूनही.

हिशोब: साठातले चार चेपलेले, सहा साक्याचे, दोन न पिकलेले. राहिले ४८. परत आलेले ५०० वजा करून खर्च ४२००, म्हणजे एक फळ साडेसत्त्याऐंशी रुपयांना पडलं. मंडईपेक्षा स्वस्त पडलं असं म्हणणार नाही, फार फरक नाही. पण कानडी पेपर निघाला नाही. फळाला गुण द्यायचे तर दहापैकी नऊ, बागायतदाराच्या बोलण्या-वागण्याला आठ, वाहतुकीला तीन, तेही पेटी हरवली नाही म्हणून.

तुम्ही मागवणार असाल तर: पाच माणसांच्या घराला पाच डझन एकदम नकोत. तीन डझन घ्या, आणि त्यातही निम्मी फळं तयारीची, निम्मी कच्ची अशी मागा. मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, करतो की, पण कुणी विचारतच नाही. हापूस कापून खायला आणि रसाला. शिजवायला केसर. सासवाला गावरान, दुसरं काही नाही.

जूनमध्ये सासूबाईंनीच त्यांना फोन लावला. मालवणीत अर्धा तास चाललं होतं, मला निम्मं कळलं. कुठल्या वाडीतले, कुणाचे कोण, सड्यावरची विहीर अजून आहे का. शेवटी फोन माझ्याकडे दिला. मी पुढच्या वर्षीचे तीन डझन सांगितले आणि विचारलं, बागेत रायवळाचं झाड आहे का?

“चार आहेत. का हो?”

म्हटलं, एक गोणी पाठवाल का? काय भाव?

ते हसायलाच लागले. “ताई, रायवळाचा कसला भाव? खाली पडून कुजतात ते. गोणीचं भाडं तेवढं द्या.”